भरती सव्वाआठला

सोमवार, १ जानेवारी १९६२, सकाळी ६

नवी वही. संकल्प तीन. रोज लिहायचं. खरं लिहायचं. कुणाबद्दल वाईट लिहायचं नाही.

सकाळी ७.१०

ह्यांनी चहा बशीत ओतून फुरके मारत प्यायला. चौतीस वर्षं सांगते आहे. (ही नोंद आहे, वाईट लिहिणं नव्हे.)

दुपारी

मनातली योजना कागदावर उतरवते. राही, माझी एकुलती एक नात, सात वर्षांची झाली. मार्तंड आणि कोकिळा तिला अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी शाळेत पाठवतात. दुसरीत आहे. शाळेवर पत्रे. मुलं जमिनीवर बसून पाढे गातात. आणि इथे गावदेवीला, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, माझं कॉन्व्हेंट उभं आहे. तोच जिना, तीच घंटा. आत पाऊल टाकलं की मेणाचा आणि ओल्या फडक्याचा तोच वास येतो, आणि मी पुन्हा दोन वेण्यांची होते.

जूनपासून तिसरीत एक जागा आहे. मुलाखत १ फेब्रुवारीला. जागा मिळाली की राही आठवडाभर आमच्याकडे राहणार, हे ओघानेच आलं. मागची खोली रिकामी आहे. तिथे टेबल करायला टाकलं आहे. प्रश्न फक्त शिक्षणाचा आहे. नाहीतर ह्या वयात मी हा त्रास कशाला घेतला असता? मला शांतता आवडते. आमच्याकडे दुपारी इतकी शांतता असते की घड्याळाचे ठोके मोजता येतात. मी रोज मोजते.

रविवार, ७ जानेवारी

मार्तंड, कोकिळा, राही जेवायला. योजना सांगितली. मार्तंडने दोनदा भात घेतला, मग म्हणाला, मुलाखत देऊ दे, पण जायचं की नाही ते राही स्वतः सांगेल. ती जाते म्हणाली तर आम्ही दोघं मध्ये येणार नाही. कोकिळा 'बघू' म्हणाली. ती प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणते आणि मग खरोखरच बघत बसते.

सात वर्षांच्या मुलीला विचारायचं! मला लग्न होईपर्यंत भाजी आवडली का, एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

तरी विचारलं. राही म्हणाली, तुझ्या शाळेत काय शिकवतात? म्हटलं, खूप काही, उदाहरणार्थ नेचर स्टडी. म्हणाली, म्हणजे? म्हटलं, पक्षी वगैरे. ती म्हणाली, पक्षी आमच्याकडे पण आहेत.

त्या क्षणी लक्षात आलं, ह्या मुलीला पक्षी नीट कुणी दाखवलेलेच नाहीत.

सायंकाळी ५

ठरलं. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आहे. मार्तंडच्या सेकंडहँड गाडीने सगळ्यांनी म्हसळ्याला जायचं. कोकिळाचं माहेर तिथे. तिचे वडील, बाळाजी गुरुजी, हेडमास्तर होते, आता भातशेती बघतात. खाडीवरच्या एका तांडेलाशी त्यांची ओळख आहे. त्याच्या होडीतून खाडीच्या मुखाबाहेर जायचं. तिथे एक खडक पक्ष्यांनी पांढरा झालेला असतो म्हणे. राहीने समुद्रपक्षी एकदा शास्त्रशुद्ध पाहिले की ती आपण होऊन म्हणेल, आजी, मी तुझ्या शाळेत येते. मी काहीही सुचवणार नाही.

माझी तयारी आहेच. नेचर स्टडीचं बक्षीस म्हणून मिळालेलं समुद्रपक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक अजून कपाटात आहे. (दुसरं बक्षीस. पहिलं जिला मिळालं तिचे वडील कलेक्टर होते.) पफिन, किटीवेक, अल्बट्रॉस, सगळे पाठ आहेत. आपल्या किनाऱ्यावर अल्बट्रॉस येत नाही, असं पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. पुस्तक इंग्लंडच्या किनाऱ्याविषयी आहे, पण पक्ष्यांना कुठे पासपोर्ट लागतो?

बुधवार, १७ जानेवारी

गुरुजींचं पत्र. अक्षर मोत्यासारखं, हे मान्य करायला हवं. लिहितात, येसाजी तांडेल शनिवारी, २७ तारखेला, यायला तयार आहे. मात्र खाडीत गाळ फार, होडी भरतीलाच निघेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आपण जाणताच. आपण शिकलेल्या, वेळ काढालच.

अर्थात.

रविवार, २१ जानेवारी

शेजारच्या गोदूबाई सकाळीच आल्या. आठ ग्रह एका राशीत येताहेत, जग बुडणार, अशा वेळी प्रवास नको, पाण्यावर तर नकोच. घरोघरी शांती चालल्या आहेत. गोदूबाईंनी स्वतः धान्य भरून ठेवलं आहे. जग बुडाल्यावर ते कुठे शिजवणार, हे विचारलं तर रागावल्या.

मी स्पष्ट सांगितलं, ह्या घरात पंचांग चालणार नाही. एकदा पंचांग हातात घेतलं की माणूस थेट शनीपर्यंत जातो.

दुपारी ३

टाइमटेबल तयार. पाच प्रती, लाल शाईने रेघा. भरतीचं गणित सोपं निघालं. हे आपलं पंचांग घेऊन आले, तिथी बघून देतो म्हणाले. मी ते तिथेच थांबवलं. तिथी म्हणजे जुन्या लोकांची तारीख. कोर्टातसुद्धा तारीख चालते. २७ ची पाऊणपट सव्वावीस. म्हणजे रात्री सव्वाआठ. रात्री पक्षी दिसत नाहीत, म्हणून सकाळी सव्वाआठ. भरती दिवसातून दोनदा येते, हे भूगोलात झालं आहे.

ह्यांनी कागद घेतला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, छान आहे. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. पंचांग कोनाड्यात ठेवून आले आणि गॅलरीत उभे राहून बराच वेळ खोकत होते.

मंगळवार, २३ जानेवारी

राहीचा युनिफॉर्म शिवून आला. पांढरा ब्लाऊज, निळा पिनफोर, टाय. माप अंदाजाने दिलं होतं. मुलाखतीआधी सवय व्हावी म्हणून होडीत तोच घालायचा.

शुक्रवार, २६ जानेवारी, सकाळी ७.४०

ठरल्याप्रमाणे सहाला निघालो. (मार्तंडला चावी सापडत नव्हती, हे दाढी करत होते, कोकिळा बघू म्हणाली.)

सकाळी १०, पनवेलच्या पुढे

गाडीत वेळ वाया जाऊ नये म्हणून पक्ष्यांची प्रश्नोत्तरं सुरू केली. तारेवर एक पक्षी दिसला. मी म्हटलं, राही, हा फाल्कन. राही म्हणाली, घार आहे. तिला समजावलं, घार हा ढोबळ शब्द आहे. तिने खिडकीबाहेर उलटी केली. घाटवळण नसतानाही.

दुपारी १२.३०, नागोठणे

गाडी तापली. मार्तंड बॉनेट उघडून उभा. मी काकडीचे सँडविच काढले. ओले झाले होते. कॉन्व्हेंटच्या पिकनिकला अगदी असेच असायचे. राहीने काकडी वेगळी केली, पाव वेगळा केला, आणि दोन्ही ठेवून दिले. कोकिळाने कुठूनशी तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी काढली. टाइमटेबलमध्ये भाकरी नव्हती. सगळ्यांनी ती संपवली. मी चव पाहण्यापुरती दीड घेतली.

सायंकाळी ५.१५, म्हसळा

पोहोचलो. प्रवासाची वेळ टाइमटेबलमध्ये जरा आशावादी पडली होती. एरवी सगळं ठरल्याप्रमाणे.

राही गाडीतून उतरली आणि धावत जाऊन विहीणबाईंच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. विहीणबाई, अनुसूयाबाई, साध्या आहेत. म्हणाल्या, गो माझी बाय, किती गो वाळलीस. मुलं दमली की कुणालाही चिकटतात. त्याचा अर्थ लावत बसू नये. मी लावला नाही.

अंगणात वालाच्या शेंगा मडक्यात भाजल्या. राहीने विहीणबाईंच्या मांडीवर बसून खाल्ल्या. गुरुजी मला म्हणाले, मग उद्या पाण्याबरोबरच निघायचं ना? म्हटलं, अगदी, मी मिनिटापर्यंत काढून ठेवलं आहे. ते आदराने म्हणाले, मग प्रश्नच नाही. आम्हा दोघांना एकमेकांच्या ज्ञानाचं कौतुक वाटलं.

शनिवार, २७ जानेवारी, सकाळी ७

पहाटे चारला गुरुजींनी दार वाजवलं. वेळ झाली म्हणाले. मी आतून सांगितलं, भरपूर वेळ आहे, झोपा. म्हातारपणी झोप कमी होते, बिचारे.

सकाळी ८.१५, खाडीवर

मिनिटाचा फरक नाही! आम्ही पाच जण आणि गुरुजी. येसाजी तांडेल होडीला टेकून विडी ओढत बसला होता. म्हणाला, म्यां साडेचारपून बसलोय, बाई. पाणी आलं, वाट बघितली, गेलं. आता संध्याकाळच्या पाण्याला या.

मी टाइमटेबल दाखवलं. त्याने ते उलटं धरलं, सुलटं धरलं. म्हणाला, ह्या कागदावर भरती हाय, बाई. खाडीत न्हाय. मग गुरुजींकडे वळून म्हणाला, आज वद्य षष्ठी ना हो गुरुजी? साची पाऊणपट किती? गुरुजी जमिनीकडे बघत साडेचार म्हणाले. हे एकदम पाठ फिरवून पलीकडचा डोंगर बघू लागले.

येसाजीची पद्धत पारंपरिक आहे. तिचा मी आदर करते. पण संध्याकाळी निघालो तर उजेड जाईल, पक्षी जातील, उद्या परत निघायचं आहे, आणि गुरुवारी मुलाखत. मी येसाजीला एवढंच म्हटलं, पाणी तर दिसतंय समोर, जमत नसेल तर तसं सांगा.

त्याने विडी विझवून कानावर ठेवली. म्हणाला, न्हाय जमत आसं येसाजीनं आजून कुणाला सांगितलं न्हाय. बसा. पक्षीच बघायचं ना? बघाल. पोटभर बघाल.

माणसाशी खंबीरपणे बोललं की कामं होतात.

सकाळी ८.४०

होडीत. राही युनिफॉर्ममध्ये फार गोड दिसते. टाय गुडघ्याला लागतो. दुर्बीण (वडिलांची, नाटकाला नेण्याची) माझ्या हातात.

सकाळी ८.५०

डाव्या बाजूला, पाण्यात रोवलेल्या एका खांबावर, शुभ्र, मोठा, गुबगुबीत पक्षी! निश्चल. आकार पाहता दुसरं काही असूच शकत नाही. अल्बट्रॉस. होडी सरळ त्याच्याच दिशेने चालली आहे. येसाजीला सांगितलं, लांबून घ्या, बिचकेल. तो म्हणाला, काय बिचकंल? म्हटलं, तो. येसाजीने खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, बाई, तिकडून वाट हाय, हिकडं गाळ हाय. म्हटलं, तुमची वाट नंतर, आधी तो. येसाजी म्हणाला, घंटाभरानं न्हायतरी बसायचंच हाय, मग हितंच बसू. आणि सुकाणू फिरवलं.

सकाळी ९

होडी थांबली आहे. निरीक्षणासाठी उत्तम जागा. मुद्दाम थांबवली असती तरी इतकी बरी जागा मिळाली नसती.

सकाळी ९.३०

होडी जराशी कलली आहे. पाणी थोडं मागे सरकलं आहे. अल्बट्रॉस आहे तिथेच. काय संयम!

सकाळी १०

पाणी नाही. चहूकडे चिखल. काठ हाकेच्या अंतरावर, पण मध्ये गुडघाभर गाळ. मार्तंडने विचारलं, आता पाणी कधी येईल? येसाजी म्हणाला, एक वाजता. तवर पक्षी बघा.

आणि पक्षी आले, हे खरं. शेकड्यांनी. चिखल उघडा पडला तसे उतरत गेले, होडीच्या भोवती चालायला लागले. मी पुस्तक काढून एकेक जुळवायला घेतला, पण कुणी जुळेना. काहींचे पाय फार लांब, काहींची चोच चुकीची. ह्या खाडीतले पक्षी बरेच अनियमित आहेत.

सकाळी १०.२०

चिखलातून तीन बायका टोपल्या घेऊन शिंपल्या वेचत आल्या. पातळं गुडघ्यापर्यंत खोचलेली. सगळ्यांत पुढे बायजा नावाची. येसाजीला ओरडून म्हणाली, तांडेला, गलबत कुटं निगालं? येसाजी म्हणाला, मंबईची पावणी हायत, पक्षी बघाया आल्यात. बायजा कमरेवर हात ठेवून म्हणाली, मंग काय, आता पक्षीच बघत्यात त्येंना. तिघी इतक्या हसल्या की एकीची टोपली कलंडली.

राहीसुद्धा हसली. सकाळपासून पहिल्यांदा. आणि मी 'नो' म्हणायच्या आत होडीच्या काठावरून खाली उतरली. पिनफोर, टाय, सगळ्यासकट. मांड्यांपर्यंत गेली. मार्तंड तिला काढायला उतरला आणि तिथेच राहिला. मग ह्यांनी पँट दुमडली. बासष्ट वर्षांचे गृहस्थ! गुरुजी आधीच धोतर खोचून तयार होते. त्यांच्यामागून कोकिळा आणि येसाजीही उतरले.

सकाळी ११

मी एकटीच होडीत. कुणीतरी नोंदी करायला हव्यात. ऊन तापलं आहे. तिकडून हसण्याचे आवाज येताहेत. बायजा राहीला बोट दाखवून काही सांगते. काड्यांसारखे लाल पाय असलेला तो शेकाट्या. चिखलात टुकटुक चोच मारतात त्या तुतारी. पंख वाळवत उभा असतो तो पाणकावळा. राही प्रत्येक नाव मोठ्याने म्हणते. पाढे म्हणावे तशी. नावं ऐकायला बरी वाटली. शास्त्रीय दृष्ट्या निरुपयोगी.

मी अल्बट्रॉसवरची नजर काढली नाही. तो माझ्यावरची नजर काढत नव्हता.

सकाळी ११.४५

कोकिळा चिखलाचे पाय घेऊन होडीत चढून आली. माझ्या डोक्यावर पदर धरून बसली. मी तिला न सांगता. म्हणाली, आई, तुमच्या मनात काय आहे ते कळतं मला. राही हो म्हणाली तर मी शब्द फिरवणार नाही. पण तिची शाळा सुटायची वेळ झाली की माझं कशात लक्ष लागत नाही. ती तुमच्याकडे आली तर त्या वेळेचं मी काय करू?

मी तिला समजावलं, मुलांना असं धरून ठेवू नये, बाईमाणसाने रिकाम्या वेळात वाचन करावं. ती 'बघू' म्हणाली नाही. पदर मात्र तसाच धरून राहिली. हात दुखला असेल.

दुपारी १.१०

पाणी आलं. होडी सरळ झाली. सगळ्यांना आत घेतलं. युनिफॉर्मचा रंग आता निळा म्हणता येणार नाही. पक्ष्यांचा खडक बघायचा राहिला. येसाजी म्हणाला, भुका लागल्या आसतील, परत फिरू. परतताना तो मुद्दाम खांबाच्या अगदी जवळून गेला. पालथं घातलेलं मडकं. चुना फासलेलं. गाळातून वाट कळावी म्हणून कोळ्यांनी लावलेली खूण.

हे म्हणाले, बिचकलं नाही पण.

रंग, आकार, स्थिरता, तिन्ही बाबतींत माझं निरीक्षण अचूक होतं.

रविवार, २८ जानेवारी, परतीच्या वाटेवर

सहल एकंदरीत यशस्वी. राहीच्या मनात पक्ष्यांविषयी आवड निर्माण झाली, हाच हेतू होता. आता तिला फक्त शिस्त लावायची. गाडीत पनवेलपर्यंत उजळणी घेतली. तिने शेकाट्या म्हटलं की मी थांबवायचे आणि म्हणायचे, राही, पुस्तकात बघून सांग. पुस्तकात नव्हता. मग मी म्हणायचे, तर मग किटीवेकपासून सुरू कर. पेणच्या पुढे ती झोपली. डोळे मिटलेले असले तरी कानावर पडतंच, म्हणून मी चालू ठेवलं. मार्तंड गाडी जरा जोरात चालवत होता.

बुधवार, ३१ जानेवारी

मुलाखतीसाठी राही सोमवारपासून इथेच. रोज तीन तास समुद्रपक्षी. प्रगती उत्तम. आज तिने एकाही प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं नाही. उत्तरच दिलं नाही.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत नव्या टेबलाखाली जाऊन बसली. विचारलं तर म्हणाली, इथे पक्षी नाहीत. कल्पक मुलगी आहे. मी टेबलापाशी खुर्ची ओढून थोडा वेळ बसले. खालून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. घड्याळाकडे माझं लक्ष गेलं नाही.

गुरुवार, १ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

मुलाखत झाली. सगळं जसं घडलं तसं लिहिते.

सिस्टर नव्या आहेत, तरुण आहेत, मंगळूरकडच्या. मार्तंड, कोकिळा, मी समोर बसलो. राही उभी. सिस्टरनी इंग्रजीत विचारलं, सुट्टीत काय केलंस? राही गप्प. मी तिच्याकडे पाहून ओठांनी 'अल्बट्रॉस' म्हणाले. तिने आपल्या बुटांकडे पाहिलं. सिस्टर हसून मोडक्या मराठीत म्हणाल्या, मराठीत सांग. आणि मग राही सुटली. चिखल, बायजा, शिंपल्या, शेकाट्या, तुतारी, पाणकावळा कसा दोन्ही हात पसरून वाळत घालतो ते करून दाखवलं. होडीत एकटी बसून राहिलेल्या एका आजीचंही वर्णन केलं. ते जरा लांबलं. सिस्टर टेबलावर हात आपटून हसल्या. म्हणाल्या, इंग्रजी सहा महिन्यांत येईल, अशी मुलगी आम्हाला हवीच, जागा दिली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेणाच्या वासाने येतं कधीकधी.

मार्तंडने दिल्या शब्दाप्रमाणे राहीला विचारलं, राहशील आजीकडे? येशील ह्या शाळेत? कोकिळा खिडकीबाहेर बघत होती. राहीने विचार केला. मला म्हणाली, शाळा सुटली की मला न्यायला कोण येणार? म्हटलं, मी, दुसरं कोण! ती म्हणाली, रोज? म्हटलं, रोज. तिने माझा हात धरला. खरंच धरला, माझ्या मनाचे खेळ नाहीत. म्हणाली, आणि घरी जाऊन काय करायचं?

हाच तो क्षण. मी म्हटलं, पक्षी! रोज तीन तास, तू आणि मी!

राहीने माझा हात सोडला. तिचा चेहरा हळूहळू आक्रसला, आणि ती मोठ्याने रडायला लागली. सिस्टर गडबडून उठल्या, काय झालं विचारू लागल्या. तेव्हा राहीने तिच्या आयुष्यातलं पहिलं संपूर्ण इंग्रजी वाक्य उच्चारलं. प्लीज सिस्टर, नो बर्ड्स.

उच्चार निर्दोष होता. मी तीन दिवस घेतलेले कष्ट दिसत होते.

दुपारी ३

तिघं अंबरनाथला गेली. कोकिळा पाया पडली. म्हणाली, आई, मी काही शिकवलं नव्हतं हो तिला. म्हटलं, माहीत आहे.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

सिस्टरना पत्र. मुलीची प्रकृती नाजूक असल्याने आम्ही, पूर्ण विचारांती, ह्या वर्षी जागा घेत नाही. निर्णय माझाच आहे, हे मार्तंडलाही कळवायला हवं. अंबरनाथची हवा मोकळी आहे. पत्र्याखालीसुद्धा मुलं शिकतात.

ह्यांनी न विचारता माझ्यासाठी चहा केला. बशीतून प्यायले. मी काही म्हटलं नाही. ते थांबून म्हणाले, बरं वाटत नाही का तुला?

शनिवार, १० फेब्रुवारी, सायंकाळी ६

मध्ये काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नव्हतं.

आज मार्तंड कंपनीच्या कामाने शहरात आला होता, तासभर डोकावून गेला. मी सहज म्हटलं, माझ्यासाठी नव्हे, ह्यांना करमत नाही म्हणून, राहीला उद्याचा रविवार इकडे आणशील का? हे पेपरमागून म्हणाले, मला करमतंय. मार्तंड म्हणाला, तिला मी परवाच विचारलं होतं, आई. म्हटलं, मग? तो चपलेशी चाळा करत म्हणाला, यायचंय तिला. पण आजी काय दाखवणार आहे, ते आधी विचारून ये म्हणाली.

म्हटलं, काही नाही.

म्हणाला, नक्की?

म्हटलं, नक्की. येऊ दे, बसू दे, टेबलाखाली बसायचं तर टेबलाखाली. मी काहीही दाखवणार नाही.

मार्तंडला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. म्हणाला, मी सांगितलं तर तिचा विश्वास नाही बसायचा. तू लिहून दे.

कागद घेतला. लिहिलं, उद्या काहीही दाखवण्यात येणार नाही. खाली सही केली. मार्तंडने वाचलं, घडी केली, वरच्या खिशात ठेवलं. दारातून वळून म्हणाला, येईलच असं सांगत नाही हं, आई. ती कागद वाचून ठरवणार आहे.